मुलीकडून बोलणारी

मसाका,
४ फेब्रुवारी १९९६

ती. नानतेझा आत्यास,
नामुलीचा शि. सा. न. आपल्या रीतीप्रमाणे गुडघेही टेकले आहेत असं समज. पत्र लिहिताना खरंच टेकले तर अक्षर वाकडं येतं.

तू पाठवलेली कॉफी पोचली. आईने डबा उघडून वास घेतला आणि बाबांच्या देखत म्हणाली की काय सुरेख भाजलीय. कुठून आली, हे बाबांनी विचारलं नाही. तुझ्याविषयी न विचारणं आमच्या घराच्या अंगवळणी पडलं आहे. न विचारता ते दोन कप प्यायले, एवढं तुझ्या कानावर घालते.

पदवीदान झालं त्या रविवारी अंगणात मांडव पडला, बकरा कापला गेला आणि चर्चमधल्या झाडून सगळ्यांना बोलावणं गेलं. पुष्कळ भाषणं झाली. त्यांत माझं नाव एखाददुसऱ्या वेळी आणि मकेरेरे विद्यापीठाचं नाव दर वाक्याला आलं. त्या दिवसापासून अख्खी गल्ली माझ्या नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. सकाळी पाव आणायला निघाले तरी शेजारीण कुंपणावरून विचारते, काय गं, लागली का? जसा काही मला ठसकाच लागायचा आहे.

कंपालात काही कचेऱ्या पालथ्या घालून आले. साहेबाचा पहिला प्रश्न, अनुभव किती? दुसरा, तू कोणापैकी? तिसऱ्या प्रश्नापर्यंत मी अजून पोचलेली नाही. परत येताना मिनिबस-टॅक्सीतल्या कंडक्टरने विचारलं की समाजशास्त्र म्हणजे काय असतं. मी सांगितलं, माणसं एकत्र कशी राहतात त्याचा अभ्यास. त्याने एकमेकांच्या मांडीवर बसलेल्या प्रवाशांकडे हात केला आणि म्हणाला, मग मॅडम, जरा अभ्यास करत आत सरका, अजून एक जण घ्यायचाय.

इथे मात्र पदवीधर म्हणून मला भरपूर कामं आहेत. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणं, चर्चचा लाउडस्पीकर का खरखरतो ते सांगणं, आणि नवराबायकोच्या भांडणात कोणाचं खरं ते ठरवणं. लाउडस्पीकरचं मला ओ की ठो कळत नाही. भांडणांत मात्र हात चांगला बसत चाललाय.

आता मुद्द्याचं. नाकिबूकाताईने अखेर बाबांना सांगून टाकलं. मुलाचं नाव कोमाकेच. तिकडे उत्तरेचा, गुलूचा, अचोली. ताई ज्या इस्पितळात नर्स आहे तिथेच तो एक्स-रे काढतो. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की एवढा बुगांडा पसरलाय, त्यात तुला एक माणूस सापडू नये? ताई म्हणाली की सापडला होता, पण एक्स-रेत पोकळ निघाला. आई हसू लपवायला स्वयंपाकघरात पळाली. मग बरेच दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज. शेवटी एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बाबा म्हणाले की येऊ देत त्याच्या माणसांना. जुलैत मागणीचा क्वांजुला ठरलाय.

आणि म्हणून हे पत्र. क्वांजुल्यात नवऱ्या मुलाला पाहुण्यांच्या रांगेतून हुडकून पुढे आणायचं काम आत्याचं, आणि आम्हांला सख्खी आत्या एकच. बाबा म्हणतात, कुळातली एखादी लांबची आत्या आणू. ताई म्हणते, माझी आत्या म्बालेला आहे, उसनी कशाला? तू होस्टेलवर मला भेटायला यायचीस, पण घरी कधी आली नाहीस. का, ते विचारलं की आईला एकदम मटोक्याची केळी सोलायची असतात. यंदा ये ना. मफाबीकाकांनाही आण.

तुझ्या उत्तराची फार वाट पाहत आहे. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
नामुली


म्बाले,
२० फेब्रुवारी १९९६

चि. नामुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मफाबीने मोठ्याने वाचलं आणि एक्स-रेच्या ओळीशी त्याला ठसका लागला. निवृत्त हेडमास्तर असा हसतो हे त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगून खरं वाटणार नाही. नाकिबूकाला माझा गालगुच्चा. कोमाकेचला म्हणावं, मुलगी तिखट आहे, पाणी घेऊन बैस.

नोकरीसाठी जीव काढू नकोस. कंपालातली खुर्ची ही बसायची वस्तू आहे, तुला बसणं कधी जमलंय?

आता तुझ्या प्रश्नाचं. तू मोठी झालीस, तेव्हा माझ्याकडूनच ऐक.

आमचे बाबा गेल्यावर घरचा कर्ता तुझे बाबा, म्हणजे माझा दादा. मी तेव्हा मसाक्याच्या शाळेत शिकवत होते आणि मफाबी त्याच शाळेत गणित घेत होता. तो गिसू, आपण गांडा. दादाला ते पसंत नव्हतं, पण त्याने नाही असंही म्हटलं नाही, त्यामुळे आम्ही दिवस धरला. मफाबीची माणसं एल्गॉन डोंगराच्या उतरणीवरून लॉरी करून आली. बकऱ्या होत्या, कोंबड्या होत्या, धुरावलेल्या बांबूच्या कोंबांच्या मोळ्या होत्या. मालेवा म्हणतात त्याला इकडे. आपल्याकडे ते कोणी तोंडात धरत नाही, पण त्यांच्या घरातली सगळ्यांत चांगली वस्तू तीच. बायकांनी मागून मागून गोमेसी नेसल्या होत्या, आपल्यातल्या दिसाव्या म्हणून.

दादाने फाटक उघडलं नाही. आतून निरोप गेला की या घरात लग्नाची मुलगी नाही. मी खिडकीत उभी होते, लग्नाची गोमेसी नेसून. ऊन चढत गेलं. म्हातारी माणसं लॉरीच्या सावलीला बसली. कोणी शिवी दिली नाही, कोणी दार वाजवलं नाही. बऱ्याच वेळाने ती एकमेकांना हात देत लॉरीत चढायला लागली, तेव्हा मी मागच्या दाराने निघाले, कुंपणाला वळसा घातला आणि त्यांच्यात चढले. सासूने सरकून जागा दिली. माझं लग्न झालं ते एवढंच.

हे रागाने लिहीत नाही. माझा संसार सुखाचा झाला, मुलं मार्गी लागली. पण ज्या अंगणात मला चटई मिळाली नाही, तिथे दुसऱ्या कोणाला चटईवर बसवायला मी येणार नाही. दादा लेकीसाठी तेच फाटक उघडतोय हे वाचून मला बरं वाटलं, आणि त्याच घासात खडाही लागला. दोन्ही खरं आहे. नाकिबूकाला हे समजावून सांग. तिच्यावर माझा राग नाही.

पत्र लिहीत जा. तुझ्या पत्राशिवाय या घरात हसायला कारण कमी पडतं.
तुझी,
आत्या


मसाका,
१२ मे १९९६

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र मी ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की मी आत्याच्या जागी असते तर आशीर्वादही पाठवला नसता.

मी बाबांना विचारलं. ते दुकानात एका गिऱ्हाइकाच्या सायकलीची चेन बसवत होते. वर न बघता म्हणाले की ती आपल्या पायांनी गेली. मी म्हटलं, हो, फाटक बंद असलं की माणसाकडे पायच उरतात. त्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं की हे विद्यापीठात शिकवतात का? मी म्हटलं, नाही, हे घरचं शिक्षण. त्यानंतर ते माझ्याशी दुकानाच्या पोऱ्याकरवी बोलायला लागले. आता निवळलं आहे. समारंभ डोक्यावर आला की भांडायला कोणाला फुरसत?

तयारीची गंमत ऐक. परक्या कुळातल्या माणसांना आपल्याकडे मुलगी मागायची तर आधी त्यांना गांडा कुळ हवं. म्हणून कंपालातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कोमाकेचला उदमांजराच्या कुळात तात्पुरता दत्तक घेतला. कोमाकेच म्हणाला की माझी ना नाही, पण कुळाचा प्राणी खात नाहीत म्हणे, तर आजपासून काय सोडायचं तेवढं आधी सांगा. उदमांजर, म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं होतं की कोंबडी गेली.

त्याच्या नावाचीही पंचाईत आहे. त्यांच्या भाषेत कोमाकेच म्हणजे माझं नशीबच खोटं. तो जन्मला त्या सुमारास घरात कोणी गेलं होतं, म्हणून ठेवलेलं. आई काळजीत आहे की हे पत्रिकेवर छापायचं कसं. ताई म्हणते, जाड अक्षरांत.

आपल्या बाजूने बोलायला बाबांनी सेम्पिज्जांना सांगितलंय. त्यांच्यासारखा बोलणारा या जिल्ह्यात नाही, असं लोक म्हणतात, सगळ्यांत आधी ते स्वतः. तुम्ही कोण, कुठले, आमच्या दारात काय सांडलं म्हणून शोधताय, असं ते पाहुण्यांना तासन्‌तास खेळवतात आणि चुकलं की दंड लावतात. मी त्यांच्या समारंभांना जाऊन कोपऱ्यात बसून ऐकते. अभ्यास समज. एक गोष्ट ध्यानात आली की दंड नेहमी मुलाकडच्यांनाच होतो. मी सेम्पिज्जांना तसं विचारलं, तर म्हणाले, पोरी, नदी चढावर वाहते का? आणि बाईमाणसाने प्रश्न विचारायला इथे अजून पद निघालेलं नाही.

कोमाकेचकडून मी थोडी अचोली शिकते आहे. त्याचे काका येणार आहेत, ओबिता नावाचे. गावाकडचं घर लढाईत जळाल्यापासून पुतण्यांकडे असतात. त्यांना गांडा भाषा येत नाही. एवढ्या लांबून येणाऱ्या म्हाताऱ्याशी कोणी तरी त्याच्या भाषेत एक वाक्य बोलावं, एवढीच माझी हौस.

तू येणार नाहीस, हे मी मान्य केलंय. आवडलंय असं नाही. पत्र धाड.
तुझी,
नामुली


म्बाले,
३ जून १९९६

चि. नामुलीस अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. यंदा इथे सुंतेच्या सोहळ्याचं वर्ष. इम्बालूचे ढोल आत्तापासूनच तापायला लागलेत आणि आमच्या पुतण्यांपैकी दोघं तयार व्हायचेत. मफाबी स्वतःला सबंध डोंगराचा सरपंच समजून फिरतो आहे. जेवायला हाक मारावी तर पलीकडच्या टेकडीवरून ओ येते.

सेम्पिज्जाचं नाव वाचून हसले. त्याला मी तो पोरसवदा असल्यापासून ओळखते. गळा चांगला होता, डोक्यात मात्र तेच ते विनोद. अजून तेच असतील तर त्यांना आता दात उरले नसतील असं समजू नकोस. समोर परप्रांतीय माणूस बसला की म्हातारे विनोदही चावतात.

म्हणून एक सांगते. त्या ओबितांच्या चेहऱ्यावर नजर ठेव. तरुण पाहुणे मनाला लावून घेत नाहीत, त्यांना नवरी दिसत असते. माझ्या सासऱ्यांनी त्या लॉरीत परतताना वाटभर तोंड उघडलं नव्हतं, आणि पुढे मरेपर्यंत मसाक्याचं नाव काढलं नाही. माझ्याशी मात्र किती गोड वागायचे. ते मला जास्त लागायचं.

नाकिबूकासाठी कापड पाठवलंय. नेसली की कशी दिसते ते लिही, आणि खोटं लिहू नकोस.
तुझ्यावर जीव असलेली,
आत्या


मसाका,
२९ जुलै १९९६

ती. आत्यास,
शि. सा. न.

कापड नेसून ताई इतकी छान दिसली की आईने रडायचं ठरवलं होतं ते विसरून ती नुसती बघत राहिली. हे खरं लिहिते आहे.

आता बैस, आणि मफाबीकाकांना टेकडीवरून खाली बोलाव. सगळं सांगते.

पाहुणे वेळेवर आले. फाटक उघडं होतं, दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले होते. पुरुष पायघोळ कांझूत, बायका गोमेसीत, सगळे रांगेने आत आले आणि समोरच्या मांडवात बसले. ओबितांच्या अंगावरचा कांझू आखूड होता, गुडघ्याखाली पाय उघडे. हातात काठी. पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

सेम्पिज्जांनी माइक घेतला. सुरुवात नेहमीची होती, तुम्ही कोण, वाट चुकलात का, इथे काही दवाखाना नाही. सगळे हसले, मीही हसले. मग त्यांना चेव चढला. म्हणाले, पाहुणे उत्तरेचे आहेत असं कळतं, तर बंदुका फाटकाबाहेर ठेवल्यात की आमच्या पोरांनी झडती घ्यायची? हसू कमी झालं, तर त्यांना वाटलं की लोकांना ऐकू गेलं नाही. म्हणून जोरात म्हणाले, बरं, मुलाचं नावच खोटं नशीब! अशाला मुलगी दिली तर पोरीला काय खायला घालेल, राख? तुमच्याकडे तीच पिकते ना हल्ली?

आत्या, मी पाहुण्यांना नमस्कार करायला गेलेल्या मुलींबरोबर मध्ये चटईवर गुडघे टेकून होते. माझी नजर तू सांगितलं होतंस तिथेच होती. ओबितांनी शेजारच्या पुतण्याला विचारलं की काय म्हणतोय. पुतण्याने मान खाली घातली. मग म्हाताऱ्याने आमच्या मांडवातल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांना सगळं समजलं. ते काठीवर जोर देऊन उठले. त्यांच्यामागे एक एक करून सगळा मांडव उठला. त्यांच्या बाजूने बोलायला आणलेला माणूस आपलाच गांडा. तो आपले बूट तपासत राहिला. ताई आत पडद्याआड होती, तिला फक्त खुर्च्यांचे आवाज ऐकू आले. बाबा दगडासारखे बसलेले. सेम्पिज्जा माइकवर म्हणाले, अहो बसा, बसा, आमच्याकडे विनोदाला दंड नसतो.

पुढचं मला नीट आठवत नाही. सेम्पिज्जा म्हणतात की मी माइक हिसकावला. आई म्हणते की त्यांनी दिला. माझ्या मते तो मध्येच कुठे तरी होता.

मी म्हटलं, विनोदाला दंड नाही हे खरं. पण पाहुणा समारंभाच्या मध्यात उठून उभा राहिला तर यजमानाला दंड असतो. हा नियम फार जुना आहे. (तो मी त्याच क्षणी केला होता.) कुठल्याही कुळातल्या कोणी जाणत्याने उठून सांगावं की असा नियम नाही. कोणी उठलं नाही. जुना नियम आपल्याला माहीत नाही, हे चारचौघांत कोण कबूल करणार? मग मी दंड सांगितला. एक, मुलीकडच्या बोलणाऱ्याने आज संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं. दुसरा, घरच्या कर्त्याने स्वागताची कॉफीच्या फळांची परडी स्वतःच्या हाताने पाहुण्यांतल्या वडील माणसाकडे न्यायची. प्रत्येक वाक्य मी मोडक्यातोडक्या अचोलीत पुन्हा म्हटलं. नंतर कळलं की परडीच्या ऐवजी मी शिंगरू म्हणाले होते. शिंगरू घेऊन कोण येतंय हे बघायला तरी ते थांबले.

सगळे बाबांकडे बघायला लागले. आत्या, मला वाटलं की ते उठणार नाहीत. मला वाटलं की मी ताईचं लग्न मोडलं आणि वर बापाची अब्रू घेतली. मग ते उठले. खुर्ची सरकवली, परडी घेतली आणि दोन मांडवांमधल्या मोकळ्या जागेतून एकटे चालत गेले. ती जागा तेवढी मोठी मी कधी पाहिली नव्हती.

ओबितांनी काठी काखेत धरली. मग परडीतलं एक फळ उचललं, फोडलं. आतल्या दोन बियांपैकी एक तोंडात टाकली आणि दुसरी बाबांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती खाल्ली. मग ओबिता स्वाहिलीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हणाले की इथपर्यंत येताना रस्त्यात शिपायांचे पुष्कळ अडसर लागले, प्रत्येक ठिकाणी उतरून पिशव्या उघडून दाखवल्या. वाटलं, हाही एक. आता कळलं की आम्ही पोचलो. आणि बसले. माझ्याकडे काठी रोखून विचारलं की हीही मुलगी द्यायची आहे का? असेल तर गायी वाढवाव्या लागतील, ही बोलते फार.

सेम्पिज्जांना दंड झालेला, त्यामुळे पुढचं सगळं मला चालवावं लागलं. खोट्या नशिबाचं मी म्हटलं की या नावाचा माणूस एवढ्या वाटेने इथवर आला आणि नाकिबूकासारखी मुलगी त्याला हो म्हणाली, म्हणजे नशिबानेच कंटाळून हात टेकलेत. तेव्हा कुठे दोन्ही मांडव एकदम हसले.

फक्त उसन्या आत्याने घात केला. तिला लांबचं दिसत नाही. पाहुण्यांतून नवरा मुलगा म्हणून तिने बसच्या ड्रायव्हरला ओढून आणलं आणि त्याच्या छातीवर फूल लावलं. ड्रायव्हर लाजला, पण नाही म्हणाला नाही. तू असतीस तर! असो.

पाहुणे गेल्यावर बाबा जेवले नाहीत. मी माफी मागायला गेले, तर म्हणाले की तो नियम कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, आजपासून लिहायचाय. त्यांनी मान हलवली, आणि विचारलं की मफाबीच्या लॉरीत म्हातारी माणसं किती होती. मी सांगितलं की मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. त्यांनी त्या दिवशी बाहेर बघितलंच नव्हतं.

एवढंच. मायेत अंतर नको.
तुझी,
नामुली


मसाका,
२१ ऑगस्ट १९९६

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे घाईने बसवाल्याच्या हाती धाडते आहे. बाबा घरी नाहीत. आईला सांगून गेले की कंपालाला सायकलींचं सामान आणायला जातो. सामान आणायला माणूस कांझू, कोट आणि चर्चचे बूट घालून जात नाही. शिवाय जाताना आईला विचारलं की म्बालेकडे पाऊस असतो का या दिवसांत. आई म्हणाली की मला काय माहीत, आणि मटोके सोलायला लागली. माझा अंदाज चुकला असेल तर काळजीचं कारण आहे, बरोबर असेल तर जास्त.

बाकी इकडे मजा आहे. क्वांजुल्यानंतर तीन घरची माणसं येऊन गेली, आमच्या मुलीकडून बोलशील का म्हणून. चर्चच्या बायकांनी यावर सभा घेतली आणि ठरवलं की बाईने बोलायला हरकत नाही, मात्र बोलणाऱ्याची टोपी घालू नये. आणि कोण आलं असेल सांग? सेम्पिज्जा! म्हणाले की आपण जोडीने काम करू, तू नवे विनोद कर, मी गळा देतो. मी म्हटलं, चालेल, पण दंड दोन्ही बाजूंना. दोन दिवस विचार करून सांगतो म्हणाले आणि दाराबाहेर जाऊन लगेच परत आले. शेजारीण आता लागली का म्हणून विचारत नाही. तिच्या पुतणीचं कधी जमेल, ते विचारते.

बाबा तिकडे आले असतील तर एका ओळीने कळव.
काळजीत असलेली,
नामुली


म्बाले,
२३ ऑगस्ट १९९६

चि. नामुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच मी हे लिहायला घेतलं होतं, ते आत्ता हातात पडलं. एका ओळीत मावणार नाही. आले आहेत.

ऐन इम्बालूच्या गर्दीत आला तुझा बाप. बसमधून उतरला तो सरळ नाचणाऱ्यांच्या घोळक्यात. मांडीला घुंगरं बांधलेली पोरं, ढोल, शिट्ट्या, आणि मधोमध कोट घातलेला गांडा. त्यांना वाटलं, कोणाचा तरी मामा आलाय सोहळ्याला. त्यांनी त्याला गोल गोल फिरवला आणि एका आजीबाईने पोरांना फासायचं नाचणीचं पीठ त्याच्या तोंडालाही फासलं. अशा अवतारात तो आमच्या दाराशी उभा राहिला.

दार मफाबीने उघडलं. पाहिलं, ओळखलं. मी आतून डाव हातात घेऊन बघत होते. मला वाटलं की हा आता दार लावेल, आणि लावलं असतं तर मी त्याला बोल लावला नसता. तो शांतपणे जाऊन आपल्या खुर्चीवर बसला, पायावर पाय टाकला आणि तुमच्या सेम्पिज्जाच्या थाटात विचारलं की पाहुणे कोण, कुठले, वाट चुकलात का?

दादा उंबऱ्यात उभाच. मागे पोरांची गर्दी जमलेली. त्याला परत फिरता आलं असतं. त्याने खाकरून घसा साफ केला आणि मुलाकडचे सांगतात तसं सगळं सांगितलं, स्वतःचं नाव, आमच्या बाबांचं नाव, आजोबांचं, कुळाचं. मग म्हणाला की माझी एक बहीण या घरात आहे असं ऐकलं. तिला बघायला आलोय.

मफाबी म्हणाला की या घरात एक शिक्षिका राहते, तिला कोणी भाऊ आहे का ते विचारून सांगतो. आणि तिथूनच ओरडला, अहो बाई, तुम्हांला भाऊ आहे का?

नामुली, इतकी वर्षं मी मनात किती उत्तरं रचून ठेवली होती म्हणून सांगू. एकही तोंडात आलं नाही. दादा पिठाने पांढरा झालेला, त्यातून घामाचे ओघळ. म्हातारा झालाय गं तो. मी म्हटलं, होता एक. आधी तोंड धुऊन या म्हणावं, मग ओळखता येतो का बघते.

पाणी मीच ओतलं त्याच्या हातावर.

माफी त्याने मागितलेली नाही. मागेल असं वाटतही नाही, तो शब्द त्याच्या दुकानात मिळत नाही. मालेवा वाढला तर म्हणाला, लाकडाचा वास येतो, आणि पुन्हा घेतला. माझ्या सासूच्या थडग्यापाशी मात्र आपणहून गेला, मफाबीला बरोबर न घेता, आणि बराच वेळ तिथे उभा होता. काय बोलला ते मी विचारलं नाही. ते तिच्यात आणि त्याच्यात.

डिसेंबरात चर्चमध्ये नाकिबूकाचं लग्न आहे, त्याचं आमंत्रण त्याने मफाबीला दिलं, मला नाही. योग्य तेच केलं. आम्ही दोघं येऊ. ड्रायव्हरला लावलेलं फूल कोमाकेचला परत मिळालं की नाही तेही पाहायचंय. ओबितांशेजारी मफाबीची जागा ठेव, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे छान जमेल. आणि तू सेम्पिज्जाला भागीदार घेतलंस ते बरं केलंस, पण माइक तुझ्या हातात राहू दे.

आत्ता ते दोघं खाली कॉफीच्या मळ्यात आहेत. झाडं किती उंच वाढू द्यावीत यावर वाद चाललाय, दोघांचंही चूक आहे. दादा मधूनच मला हाक मारतोय, निवाडा करायला. नानतेझा, अशी पूर्ण हाक. पण दबकून मारतो, ओ मिळेल की नाही याची खात्री नसल्यासारखी.

अजून एकदा मारू दे. मग जाते.

तुला उदंड आयुष्य आणि तसाच गळा लाभो.
तुझी,
आत्या